फोन जमा करतानाचा सीन

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला माझ्या लेकीने अकरा मिनिटांची फिल्म केली, तीही माझ्या बाबांच्या मरणावर. तिने विचारलं नाही, सरळ सांगितलं. "आई, तू आणि मामा पाच वर्षं बोलत नाही, त्याच्यावर करतेय." मी म्हटलं, घरातलं चव्हाट्यावर मांडायला शिकवतात का तुला कॉलेजात? ती नुसती हसली. हट्टीपणा तिने माझ्याकडूनच घेतलाय, त्यामुळे तिला बोलायची सोय नाही.

मी हो म्हटलं त्यात माझा स्वार्थ होता. फिल्म बघायला ती मामाला बोलावणार होती. मला दादा परत हवा होता. आईबाबांच्या मागे माहेर म्हणून तेवढाच उरला होता, कोलशेतला, आमच्या डोंबिवलीहून जेमतेम दीड तासावर, आणि पाच वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

काय घडलं ते आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ आहे, कारण मीच सांगत आलेय. मी शाळेत शिकवते. त्या दिवशी दहावीचा पेपर होता आणि मला पर्यवेक्षण होतं. पेपरच्या दिवशी शिक्षकांचे फोन सायलेंट करून परीक्षेच्या प्रमुखांकडे जमा होतात, कपाटाला कुलूप लागतं. माझा फोन त्या कपाटात होता आणि तिकडे दादाच्या घरी बाबा गेले. पेपर सुटला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून झाले, फोन हातात आला तेव्हा तीन वाजत आलेले. चौदा मिस्ड कॉल. दादाने फोन उचलला नाही. वहिनीने उचलला, रडतच म्हणाली, "निघ गं तू, थांबतोय आम्ही."

मी पाचला पोचले. बाबांना चारलाच नेलं होतं. बायका फरशी पुसत होत्या. तुळशीपत्र आणि पाण्याची वाटी खिडकीत तशीच होती. बाबांच्या तोंडात लेकीने घालायचं पाणी राहूनच गेलं. दादा स्मशानातून ओल्या कपड्यांनी आला. मी सगळ्यांदेखत ओरडले, "एक तास थांबायला काय झालेलं रे तुला?" तो माझ्यासमोरून आत गेला. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

ही झाली सांगायची गोष्ट. खोटं तिच्यात काहीच नाही.

शूटिंग आमच्याच बिल्डिंगमध्ये झालं. बहिणीचं काम मी करावं असा लेकीचा आग्रह. जिना चढून येते, दार उघडं, आत फरशी ओली, असा सीन होता. मला अभिनय कुठला यायला? पण मी वर आले आणि ती ओली फरशी बघून खाली बसले ती उठेचना. शूटिंगला आलेल्या लेकीच्या एका मैत्रिणीने तर डोळे पुसले. मला मेलीला त्यातही बरं वाटलं.

मग फोन जमा करायचा सीन आला. फक्त माझे हात दिसणार होते. मी पर्समधून फोन काढला, स्क्रीनकडे बघितलं आणि ट्रेमध्ये ठेवला.

"आई, बघू नकोस," लेक कॅमेऱ्यामागून म्हणाली. "नुसता ठेव. बघितलंस तर गोष्टच बदलते ना."

दुसऱ्यांदाही मी बघितलं. तिसऱ्यांदाही. हात ऐकतच नव्हते. चौथ्यांदा मान खिडकीकडे वळवून मी फोन ठेवला आणि लेक ओरडली, "परफेक्ट!"

त्या सकाळी मी बघितलं होतं. फोन जमा करायच्या रांगेत उभी असताना दादाचा मेसेज आला. 'बाबांना बरं नाही, ये.' असा मेसेज तो दर चार दिवसांनी करायचा. मी धावत जायचे, तर बाबा टीव्हीसमोर चिवडा खात बसलेले असायचे आणि दादाला फक्त मला सुनवायचं असायचं. आदल्या दिवशीच फोनवर आमचं वाजलं होतं. "बाप काय माझा एकट्याचा आहे?" असं तो म्हणाला, आणि मी म्हटलं, "पेपर संपेपर्यंत मला त्रास देऊ नकोस." म्हणून तो मेसेज वाचून मी मनात म्हटलं, घ्या, झालं सुरू. आणि फोन ट्रेमध्ये टाकला. नवऱ्यालासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही. सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

फिल्म शनिवारी दुपारी दाखवली, ठाण्याला, कॉलेजच्या हॉलमध्ये. दादा आला. केस पार पांढरे झालेले. दोन रांगा पुढे बसला. मी फिल्म बघितलीच नाही, त्याची मान बघत बसले. पडद्यावर माझे हात आले, फोन ठेवला गेला, तेव्हा त्याने मान खाली घातली. मला वाटलं, विरघळला.

टाळ्या झाल्या. त्याने भाचीच्या पाठीवर थाप मारली आणि तो माझ्याकडे आला. तो काय म्हणेल ते म्हणो, आपण त्याचे हात धरायचे, असं मी ठरवलं होतं.

"दहा बावीस," तो म्हणाला.

"काय दहा बावीस?" मी विचारलं.

"दहा बावीसला ब्लू टिक आली. मी बाबांना सांगितलं, तिने वाचलंय, निघाली असेल. बाबा दाराकडे बघत राहिले गं, शेवटपर्यंत." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू तीनला फोन केलास ना, तेव्हा मला वाटलं, आता ह्या बाईसाठी कशाला थांबायचं? म्हणून नेलं. ती माझी चूक. पण तू कधीतरी स्वतःहून बोलशील म्हणून मी गप्प बसलो."

"दादा..."

"तुझ्या लेकीला मी काही सांगितलं नाहीये. तुझं तू बघ."

आणि तो गेला. मला ओरडून त्याला थांबवायचं होतं, पण थांबून त्याने ऐकायचं काय? पाच वर्षं मी त्याला चारचौघांत उभं करून झोडपलं होतं, आणि तो ते खात राहिला होता. मला माझीच किळस आली.

लेक धावत आली. मैत्रिणींनी दिलेली फुलं हातात, चेहरा नुसता फुललेला. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मामा बोलला ना तुझ्याशी? बोलला ना? काय म्हणाला?"

"फोनचा सीन परत करायचाय."

"काय गं? फिल्म झाली आता. आणि का?"

"मी बघितलेलं," मी म्हटलं. "मामाचा मेसेज वाचून ठेवलेला फोन."

ती हसत होती, ती हळूहळू थांबली. मग तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.