आधी पाटी की आधी पाणी

भाऊकाका गेल्याची बातमी आमच्या घरात सर्वांत आधी सासूबाईंना कळली, आणि तीही कोणी न सांगता. सकाळी चहाचा कप घेऊन त्या नेहमीप्रमाणे खिडकीशी उभ्या राहिल्या, समोरच्या घराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दार उघडलं नाही अजून. काहीतरी झालंय." मी म्हटलं, उठायला उशीर झाला असेल. "त्यांना? माझ्याशी भांडायचं सोडून झोपून राहतील ते?" थोड्या वेळाने काकांचे मित्र गायकवाड सर विठ्ठलवाडीहून आले. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. काका झोपेतच गेले होते... सासूबाईंनी चहाचा कप खिडकीत आपटला. मग एकदम चिडून म्हणाल्या, "आता मी कोणाशी भांडू?"

त्या भांडणाची गोष्ट सांगितल्याशिवाय भाऊकाका कळायचे नाहीत. जुन्या कल्याणातल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे विहीर. स्वातंत्र्याच्या आधी, गावातल्या विहिरींना अस्पृश्य मानलेल्यांनी हात लावायचा नाही असा रिवाज होता, तेव्हा गायकवाड सरांचे आजोबा एक दिवस घागर घेऊन याच दारात उभे राहिले. म्हणाले, वरून ओतलेलं पाणी नको, मी स्वतः शेंदणार. काकांच्या वडिलांनी त्यांच्या हातात दोर दिला. झालं! गल्लीने घर वाळीत टाकलं. भटजी येईना, न्हावी येईना आणि कौलांवर धोंडे पडू लागले. रेल्वेतली कारकुनी संपल्यावर सडेफटिंग भाऊकाकांनी याच घराचं संग्रहालय केलं. तिथे तो दोर होता, पोहरा होता, फुटकी कौलं होती. न्हाव्याने पाठ फिरवल्यावर वडिलांनी स्वतःच्याच केसांवर कात्री चालवली, त्या डोक्याचा फोटो होता आणि खाली पाटी, 'बहिष्काराचा परिणाम'. आणि मधोमध, लाल मखमलीवर, देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामासारखा विराजमान झालेला एक धोंडा. त्याची पाटी होती, 'समोरच्या घरातून आलेला धोंडा'. समोरचं घर म्हणजे आमचं.

मी लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बजावलं, "समोरच्यांशी बोलायचं, पण त्यांच्याकडचं पाणी आपल्यात पीत नाहीत." का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "पद्धत आहे." मग जरा थांबून, "आणि ती पाटी बघ! आमच्या मामंजींनी धोंडा मारलाच नव्हता. मारला असता तर नेम चुकला नसता." मामंजींचा नेम चांगला होता हे सिद्ध करताना आपण त्यांची बाजू आणखी बिघडवतोय, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही, आणि ते सांगायची माझी काय बिशाद! मी मात्र दुसऱ्याच महिन्यात तिथे पाणी पिऊन आले. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलल्या.

संग्रहालयाला तिकीट नव्हतं, पण नियम होता आणि तो काकांना तिकिटापेक्षा प्यारा होता. आत शिरायचं तर आधी पाणी प्यायचं. तेही स्वतःच्या हाताने घ्यायचं नाही, दुसऱ्या पाहुण्याने द्यायचं, बोटाला बोट लागलं पाहिजे. विहिरीचं पाणी डॉक्टरांच्या धाकाने ते उकळून गाळून ठेवत, पण नियमाला गाळणी नव्हती. एकटा पाहुणा आला की पंचाईत. नियमाप्रमाणे काका पाहुणे नव्हते, यजमान होते, म्हणून ते देऊ शकत नसत. मग पडवीत बसून दुसऱ्या कोणाची तरी वाट बघायची. ठाण्याहून आलेला एक पत्रकार असाच अर्धी दुपार बसून राहिला. शेवटी काकांनी गल्लीतून जाणाऱ्या गॅसवाल्याला पकडलं. "अहो काका, अजून अख्खी बिल्डिंग बाकी आहे ना!" तो ओरडला. काका म्हणाले, "अरे, पाणी तर दे या माणसाला, तहानलाय." गॅसवाल्याने पाणी दिलं, मग पत्रकाराने गॅसवाल्याला दिलं, आणि शेवटी गॅसवालाच सगळं संग्रहालय हिंडून बघत बसला. त्या बिल्डिंगमधल्या बायका सिलिंडरच्या नावाने शंख करत होत्या. करोनात तर काकांनी संग्रहालय बंद करून दाराशी खुर्ची टाकली आणि रोज येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं, "बोटाला बोट लावू नका म्हणे! वडील असते तर आजारालाच नोटीस दिली असती."

गायकवाड सर दर रविवारी येत. काका पाहुण्यांना गोष्ट सांगायला लागले की, "माझ्या वडिलांनी विहीर खुली केली," इथपर्यंत सर ऐकून घेत आणि मग हमखास म्हणत, "भाऊ, विहीर तुझ्या बापाची, तहान माझ्या आजोबांची. दारात आले ते आजोबा. अर्धं म्युझियम माझं आहे." काका मान डोलवत आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथूनच सुरुवात करत. हे ते मुद्दाम करत, असा मला दाट संशय आहे. सरांनी टोकल्याशिवाय त्यांना ती गोष्ट पूर्ण वाटत नसे.

काकांची खरी इच्छा मात्र एकच होती. आमच्या घरातल्या थोरल्या माणसाने, म्हणजे सासूबाईंनी, एकदा तिथे येऊन पाणी प्यावं. शाळेच्या सहली आल्या, परदेशातले अभ्यासक आले, पण गल्लीच्या रुंदीएवढं अंतर काही कापलं जाईना. रोज सकाळी ओटा झाडता झाडता ते हाक मारत, "वहिनी, एकदा पाणी प्या, पाटी मी स्वतःच्या हाताने काढतो."

"आधी पाटी काढा, मग पाणी!"

"आधी पाणी!"

"मग बसा धोंड्याला ओवाळत!"

गल्लीतल्या नव्या इमारतींतल्या लोकांना वाटायचं, म्हातारा-म्हातारी कशावरून तरी खटला लढताहेत. एकदा सासूबाई पडल्या, पाय प्लॅस्टरमध्ये होता, तेव्हा काका भांडायला आमच्या घरी येऊ लागले. मी चहा द्यायची, तो मुकाट पीत. जाताना म्हणत, "बघा वहिनी, मी तुमच्याकडचं पितो." सासूबाई तोंड फिरवायच्या, पण दुसऱ्या दिवशी चहात आलं घालायला मला आठवण करायच्या. मला त्या दोघांचं हसू यायचं, आणि कधीकधी रागही. एवढीशी गल्ली, आणि आडमुठेपणा कोणाचाच कमी नाही.

काका गेल्यावर पहिल्या रविवारी सरांनी संग्रहालय उघडलं. पाहुणे कोणीच नव्हते. सर पडवीच्या पायरीवर बसले, शेजारी भरलेली कळशी आणि पेला. आता यजमान गेले, उरलेले ते एकटेच पाहुणे, आणि काकांचा नियम मोडणं त्यांना जमणारं नव्हतं. ऊन चढलं तरी ते तसेच बसलेले. मी त्यांना पाणी द्यायला निघाले, तर सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "थांब. दारात तहानलेला माणूस इतका वेळ बसवून ठेवायची आपल्यात पद्धत नाही." ही पद्धत मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. काठी घेऊन त्या उतरल्या, गल्ली ओलांडली. मी मागे.

सर गडबडून उभे राहिले. "वहिनी, या, बसा. भाऊने मला सांगून ठेवलंय, तुम्ही दारात आलात की पाटी काढायची. मी आत्ता काढतो." ते आतून पाटी काढायला वळलेही. सासूबाईंनी काठी आडवी धरली. उघड्या दारातून मखमलीवरच्या त्या धोंड्याकडे पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "राहू दे ती. मारला असेल मामंजींनी... मारलाच होता. माझ्या सासूबाईंनीच मला सांगितलं होतं." इतकी वर्षं त्या हे पोटात ठेवून भांडत होत्या.

त्यांनी कळशीतून पेला भरला आणि सरांच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. सर प्यायले, पेला पुन्हा भरला आणि त्यांच्यासमोर धरला. सासूबाईंनी तो घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग तोंड वेडंवाकडं केलं.

"अगं बाई, मचूळ आहे हो हे! एवढ्यासाठी इतकी वर्षं भांडलो आपण?"

सर म्हणाले, "आमचे आजोबा तर शेवटपर्यंत गोड म्हणायचे."

सासूबाईंनी भाऊकाकांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि पेला पुढे केला.

"मग अजून थोडं द्या."