पाठभिंतीपाशी थांबणारी मेंढरं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. सांगलीत वकिली करते. जुनी घरं कुणी बांधली, कुणाकडून कुणाकडे गेली हे शोधणं माझं रोजचं काम. आमच्या धंद्यात घाबरवतात ती जिवंत माणसं... तीही भावकीतली!

गेल्या वर्षी माण तालुक्यातल्या हिरामावशीचं काम आलं. मावशी विधवा, एकटी. तिच्या भावकीतल्या दिराने, बबनने, राहत्या घरावर दावा लावला होता.

मुद्दा साधा होता. दोन भावांच्या जुन्या वाटणीत मावशीच्या आजेसासऱ्यांना पूर्वेच्या दाराचं घर मिळालं आणि बबनच्या आजोबांना पश्चिमेच्या दाराचं. त्यातलं एक केव्हाच पडलं, दगडही उरले नाहीत. जे उभं आहे, त्याचं दार पश्चिमेला. म्हणजे बबनच्या मते मावशीचं पडलं आणि हे त्याचं.

खरं सांगू? कागद बघून मलाही त्याचंच पटत होतं. पण मावशीला हे सांगायचं कसं? ती जाणार कुठे?

संध्याकाळी मी घराची मापं घेत होते. तेवढ्यात शेजारचे तात्या मेंढरं घेऊन आले. पुढची मेंढी वाट सोडून वळली, तिच्यामागे सगळा कळप... आणि घराच्या बिनदाराच्या पाठभिंतीला नाकं लावून ओरडायला लागला.

"आवं बाई, रोजचंच हाय हे," तात्या म्हणाले. "औंदा बाजारातनं आणली, तवापासनं हितं वळत्यात. आत कोकरं असल्यागत वरडत्यात."

चरून आलेल्या मेंढ्या घरी ठेवलेल्या कोकरांकडे दारातून धाव घेतात, हे माणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण इथे दार होतं कुठे?

"गिलाव्यात खार असेल, चाटत असतील," मी शहाणपणा केला.

"चाटत्यात कुठं? बगा की नीट!"

खरंच चाटत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पंच आणि बबन यांच्यासमोर मी तिथला गिलावा खरवडून घेतला. आत लाकडी चौकट निघाली. मधे दगड भरून बुजवलेलं दार, खाली पायांनी झिजलेला उंबरा. पूर्वेला! पश्चिमेचं दार नंतर भिंत फोडून बसवलेलं, हेही मग जवळून पाहिल्यावर कळलं. तिकडून रस्ता आला, तेव्हा कुणीतरी फिरवलं असणार.

बबन बराच वेळ त्या उंबऱ्यावरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "वैनी, ऱ्हावा तुमी. माझं कायबी म्हननं न्हाई." दावा त्याने मागे घेतला.

'गिलावा काढल्यावर जुने दार आढळले,' असं मी पंचनाम्यात लिहिलं. गिलावा का काढला, ते लिहिलं नाही. काय लिहिणार? ते दार कधी बुजवलं हे गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही आठवत नाही, आणि मेंढरं परगावची, वर्षाच्या आत इथे आलेली. उलटतपासणीत मी भल्याभल्यांना बोलतं केलंय. इथे विचारायचं कुणाला?

मावशीने ते दार मोकळं करून घेतलं. त्या संध्याकाळी मेंढरांसाठी भाकरीचे तुकडे घेऊन ती उंबऱ्यावर बसली, मी शेजारी. मेंढरं आली... आणि मान न वळवता सरळ वाटेने निघून गेली. तेव्हापासून एकदाही वळलेली नाहीत.

मावशी रोज बसते अजून, भाकरी घेऊन.