चिकट मुठीची कट्यार

माझ्या सासरी एक कट्यार आहे. घरात लग्न निघालं की हळदीच्या दिवशी ती नवरदेवाच्या हातात देतात, टोकाला लिंबू खोचतात, आणि अक्षता पडेपर्यंत त्याने ती खाली ठेवायची नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना मुठीत. इथपर्यंत ऐकायला किती छान! आता पुढचं ऐका. ती कधीच धुवायची नाही. लग्नाची हळद पाण्याने उतरवली तर अपशकुन. म्हणून फडक्याने वरवर पुसायची आणि पितळी डब्यात ठेवून द्यायची. म्हणजे माझे आजेसासरे, सासरे, चुलत सासरे आणि माझा नवरा, एवढ्या सगळ्या पुरुषांची हळद, तेल आणि तळहाताचा घाम त्या एका लाकडी मुठीवर थरावर थर बसलेला. लोक याला वारसा म्हणतात. मला त्याचा पहिल्यांदा वास आला तेव्हा मी नवी नवरी होते आणि पदर नाकाला लावून लाजल्याचं सोंग केलं होतं.

माझी नणंद जवळच्याच फोपनार गावात दिलेली. तिच्या मुलाचं लग्न ठरलं आणि ती आमच्या लालबागच्या घरी आली ती थेट डबा मागायलाच.

"वहिनी, कटार काढ. माझ्या पोराच्या हातात माझ्या बापाचीच कटार पाहिजे. माझी जाऊ म्हणते, मंडपवाल्याकडे भाड्याने मिळते, मोतीवाली, एकदम चकाचक. तोंड पाहण्यासारखं करून म्हणते हो! माझ्या माहेरची एक वस्तू त्या मंडपात नको का?"

डबा उघडला. आधी निघालं लिंबू. आमच्या लग्नातलं! काळं, टणक, बकरीच्या लेंडीसारखं. नणंदेने ते भक्तिभावाने कपाळाला लावलं. मग तिने कट्यार उचलली, तर मूठ हातात आली आणि पातं डब्यातच राहिलं. मुठीच्या पोकळ लाकडातून एक झुरळ निघालं आणि तिच्या बांगड्यांवरून कोपरापर्यंत फिरून आलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मुठीच्या भुशाकडे बघत डोळे पुसत होती. "आता आणतील भाड्याची. जाऊ जन्मभर ऐकवेल."

मी भट्टीत भाजायच्या मातीचे कानातले करते. खरं तर ती माती नाहीच. प्लास्टिकचा मऊ गोळा असतो, ओव्हनमध्ये तापवला की कडक होतो. मी छाती पुढे काढून म्हणाले, "रडू नका ताई, मूठ मी करते."

मला काय ठाऊक होतं, कशात हात घालतेय!

पात्याला मागे एक लोखंडी शेपटी असते, तिच्यावर मूठ बसते. त्या शेपटीवरची, मूठ चिकटवायला ओतलेली जुनी लाख मी सुरीने खरवडली. लाखेत काय नव्हतं! केस होते. कुणाचे, ते विचारू नका. मी विचारलं नाही. मग तारेचे वेढे दिले आणि गोळा मळायला घेतला. ही माती हाताच्या उबेने मऊ होते आणि मऊ झाली की घरातली प्रत्येक घाण बोलावून घेते. धूळ, मांजराचा केस, शेजारच्या यंत्रमागाचं तरंगत आलेलं सूत. चिमट्याने एकेक वेचत मी मूठ घडवली, बोटांसाठी खाचा पाडल्या, दातकोरण्याने वेलबुट्टी काढली. खरं सांगते, देखणी झाली होती.

आणि मग ती ओव्हनमध्ये गेली. पात्यासकट, तिरकी, कारण सरळ मावेना. पातं धुवायचं नाही ही नणंदेची अट. थोड्याच वेळात पात्यावरचं जुनं तेल आणि हळद तापली, फटीत राहिलेली लाख वितळली, आणि जो वास सुटला त्याला माझ्या मराठीत शब्द नाही. खवट तेल, जळका केस आणि गर्दीच्या बसमधली काख एकत्र करा.

नवरा ऑफिसातून आला, दारातच नाक दाबून म्हणाला, "अगं, काय शिजतंय?"

"तुमचे बाबा," मी म्हटलं. "आजोबापण असतील थोडे."

तो रात्री जेवला नाही. त्यानंतर त्या ओव्हनमधून काढलेल्या केकला कुणी हात लावलेला नाही.

पण मूठ दगडासारखी पक्की बसली. नणंद आली, हलवून पाहिली, मला मिठी मारली आणि डबा घेऊन गेली. गोष्ट इथे संपायला हवी होती.

हळदीला आम्ही फोपनारला पोचलो. भाचा पाटावर बसलेला, पिवळाधम्मक, हातात कट्यार. मूठ उन्हात आरशासारखी चमकत होती. मी तर साधी, मंद रंगाची केली होती!

"ताई, हे काय केलंत?"

"अगं, भाड्याच्या कटारीपुढे फिकी दिसली असती. नेलपॉलिश मारलं. तीन हात!" नणंद खुशीत म्हणाली.

या मातीवर नेलपॉलिश मारलं की दोघांचं काहीतरी बिनसतं. ते वरून वाळल्यासारखं दिसतं, मग पाझरतं आणि काकवीसारखं चिकट होतं. माझे कितीतरी कानातले त्याने खाल्लेत. आणि इथे वर हळद, तेल, ऊन आणि घामट नवरदेव!

संध्याकाळपर्यंत मुठीने आपलं जेवण सुरू केलं होतं. झेंडूच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, मावा जिलेबीचा चुरा, एक जिवंत मुंगी. भाच्याने मला कोपऱ्यात गाठलं.

"मामी, ये छूटही नही रहा. घिन येतेय यार!"

"हळू बोल. दुखतंय?"

"दुखत नाही. पण आतमध्ये काहीतरी हलतंय."

मी तेल आणायला उठले, तोच नणंदेची जाऊ पलीकडून मोठ्याने म्हणाली, "का रे, जड झाली का मामाची कटार? भाड्याची आणू?"

भाच्याने आईकडे पाहिलं. नणंद हातातलं हळदीचं ताट घट्ट धरून उभी होती.

"नाही काकू," तो म्हणाला, "हीच बरी आहे." आणि त्याने मूठ आणखी आवळली. पचकन आवाज आला.

तो मारुतीला तसाच गेला, तसाच झोपला, तसाच बोहल्यावर चढला. हार घालताना वधूच्या केसांची एक बट मुठीला चिकटली, ती तिने हसत तोडून घेतली. गुणाची पोर! अक्षता पडल्यावर मी त्याला न्हाणीघरात नेलं आणि खोबरेल तेल ओतून एकेक बोट सोडवलं. त्या तळहाताचं वर्णन मी करणार नाही. मुंगी मात्र गेली होती, कुठे ते देवाला माहीत.

बाहेर म्हातारी माणसं नणंदेला सांगत होती, "असा पोरगा पाहिला नाही. एकदासुद्धा कटार खाली ठेवली नाही!" नणंदेचा चेहरा असा फुलला होता की मी तेलकट हात पाठीमागे लपवले.

आठवड्याने ती डबा परत द्यायला आली. झाकण उघडताच तो वास पुन्हा वर आला, आता त्यात झेंडूही कुजलेला.

"धुवू नकोस हं," ती म्हणाली. "आणि पक्कं डोक्यात ठेव. जावेच्या पोराचं जमलंय. ती म्हणते, आम्हाला हीच पाहिजे, असंच पॉलिश मारून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माझ्या माहेरची आहे. वहिनीला विचारावं लागेल." आणि तिने डबा दोन्ही हातांनी, प्रसादासारखा, माझ्या ओटीत ठेवला.