कंपनीचे दोन रनर

इटलीत आमच्या कंपनीला दोन रनर होते. एक मी, दुसरा लान्स नाईक धोंडिबा. वायरलेस बंद पडला की कंपनी कमांडरची चिठ्ठी पुढच्या प्लॅटूनला पोचवायची आणि उत्तर घेऊन परत यायचं, हे आमचं काम. धोंडिबा माण तालुक्यातला, मेंढरांमागे वाढलेला. मी कोरेगावकडचा. आघाडी शांत असली की रोज पहाटे साडेपाचला आम्ही दोघं दोन मैल पळायचो. त्याची ऑर्डर नव्हती. आवड होती. ऑलिव्हच्या झाडांखाली धुकं साचलेलं असायचं. तो चार पावलं पुढे गेला की कमरेपासून वरच दिसायचा, खाली नुसतं पांढरं.

त्या सकाळी आमची तीन नंबर प्लॅटून ठरल्यापेक्षा पुढे गेली होती. ओढ्यापलीकडच्या एका शेतघरात ती शिरली होती, आणि बरोबर सातला आमच्याच तोफा त्या घरावर सुरू होणार होत्या. तोफखान्याकडची टेलिफोनची लाइन तुटलेली. सिग्नलवाला ओरडत होता, "हॅलो थ्री, हॅलो थ्री." उत्तर नाही.

सहा पस्तीसला मेजरसाहेबांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "दोनों जाओ. सात से पहले."

ओढ्याच्या अलीकडे मॉर्टरचा गोळा पडला. माझ्या डाव्या पोटरीत तुकडा घुसला. मी खाली बसलो. धोंडिबाने माझ्या खिशातली चिठ्ठी काढून घेतली आणि पायाला पट्टी आवळायला लागला.

"जा रं. टाइम न्हाई."

"झालंच. हितंच बस गड्या, न्यायला येतो."

सातला पाच कमी असताना तो पोचला. प्लॅटून मागे सरकली, सगळे वाचले. तिथला हवालदार त्याला म्हणाला, "फायर चालू हाय, थांब जरा." तो थांबला नाही. माझ्याकडे परत येताना ओढ्याच्या काठावर त्याला मशीनगनची गोळी लागली. मला हे हॉस्पिटलमध्ये कळलं.

लढाई संपली. मी पलटणीतून सुटून घरी आलो. पायाची जखम भरली होती. डॉक्टर म्हणाले होते, "चालाल, पळालसुद्धा." मी पळालो नाही. दोन वर्षं. बैल सुटून उसात शिरला तरी मी चालतच गेलो. गावाला वाटायचं पाय अधू आहे. मी तसंच वाटू दिलं.

मग कोरेगावच्या बाजारात माणचा एक माणूस भेटला. धोंडिबाच्या वडिलांचा निरोप होता, एकदा भेटून जा. गेलो. त्याचे वडील, आबा, माळावर मेंढरं राखत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आबा, त्यो माज्यासाटी माघारी फिरला. न्हाईतर आज असता."

आबांनी बाजूला गेलेलं एक मेंढरू काठीने कळपात वळवलं.

"एक मेंढरू मागं ऱ्हायलं तरी फिरायचाच त्यो. ल्हानपणापासनं." मग माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "ह्योच व्हय पाय?"

"व्हय."

"पळता?"

"न्हाई."

"का?"

मी वाकून पोटरीवरून हात फिरवला.

"त्यानं बांधलाय त्यो," आबा म्हणाले. "पळा की."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला वसना नदीच्या काठाने निघालो. दोन शेतं ओलांडली आणि बरगडीत कळ आली. पोटरी लाकडासारखी. बांधावर बसून राहिलो. रोज थोडं पुढे जायचं ठरवलं. काही दिवशी मागेच यायचो. महिना गेला. थंडी पडली. एका सकाळी नदीवर धुकं उतरलं होतं आणि श्वास आपोआप लयीत आला. दुखणं कुठल्या क्षणी थांबलं ते कळलं नाही. जोंधळ्याची ताटं ऑलिव्हची झाडं झाली. पुन्हा जोंधळा झाला. उजव्या हाताला, चार पावलं पुढे, कुणीतरी पळत होतं. मी हाक मारली नाही. नुसता वेग राखला. ऊन आल्यावर मी एकटाच होतो, घरापासून चार मैलांवर. खूप बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात माणला गेलो. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून परत आलो. आबा कपाळावर हात धरून बघत होते.

"पलटणीत धोंडी आसाच पळायचा का?"

"न्हाई आबा. लय हलका. शेजारनं गेला तरी पाय वाजायचा न्हाई."

आबा पहिल्यांदा हसले.

"मेंढरं बुजत्यात म्हणून," ते म्हणाले. "म्याच शिकिवलं व्हतं."

आम्हाला सगळ्यांना वाटायचं, असं आवाज न करता पळणं तो पलटणीत येऊन शिकला. लान्स नाईक धोंडिबा, वय बावीस.