फाट्यावरची फौजदार

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती फाट्यावरच्या फ्लेक्सची.

फौजदारकीची पूर्व परीक्षा मी पास झाले, तेव्हा माझ्यापेक्षा जास्त आनंद चुलतभावाला झाला. तो सोलापुरात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. अजून मुख्य परीक्षा आहे, मग मैदानी, मग मुलाखत, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "आक्के, पिक्चरचं पोस्टर पिक्चर झाल्यावर लावत्यात व्हय? आधीच लावत्यात की."

अण्णा, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर उभं राहून आयुष्य काढलेले. ते हसले. "लाव रं," म्हणाले.

फ्लेक्सवर मागं काळे ढग, ढगात वीज. मधोमध मी, हाताची घडी घालून. म्हणजे तोंड तेवढं माझं. खाकी वर्दी, खांद्यावरचे दोन तारे आणि मानेखालचं सगळं अंग भलत्याच बाईचं. मनगटं माझ्या दुप्पट. चेहरा इतका गोरा केलेला की आईनं आधी विचारलं, "ही कोन?" वर जाड सोनेरी अक्षरांत 'आता अन्यायाला माफी नाही'. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो, त्यात शेजारचं तान्हं पोरसुद्धा. 'पूर्व परीक्षा उत्तीर्ण' हे शब्दही होते, पण सिनेमाच्या पोस्टरवर तळाशी असतात तेवढे बारीक.

तेवढ्यावर तो थांबला नाही. शाळेच्या मैदानावर मला फोनसमोर सावकाश चालायला लावलं आणि स्टेटससाठी ट्रेलर केला. आधी काळा पडदा, नुसती धडधड. मग 'एका कामगाराची लेक' अशी अक्षरं, एकदम शांतता, आणि ढोलाच्या दणक्यासरशी माझे डोळे. मग सायरन, धुरातून चालत येणारी मी. शेवटी 'लवकरच'. खरं सांगते, मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. त्यातली बाई मला आवडली होती.

मुख्य परीक्षेच्या यादीत माझं नाव आलं नाही. अण्णांना म्हटलं, फ्लेक्स काढा. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढल्या खेपेला हुतंयच की." मीही जास्त ताणलं नाही. फाट्यावरून जाताना तेवढी मान खाली घालायचे.

मग एका दुपारी पलीकडच्या वस्तीवरची एक बाई दारात आली. मी तिला ओळखत नव्हते. ती पाणी प्यायली, मागं वळून दाराकडे पाहिलं, आणि पदर सरकवून दंड दाखवला. कोपरापासून वर काळानिळा पडलेला.

"नवऱ्यानं मारलंय, मॅडम. ठान्यात जायला भ्या वाटतंय. फाट्यावर तुमचा फोटो बगितला. म्हनलं, आपल्यातलीच बाई हाय, ती ऐकंल."

"मी पोलीस नाही," मी म्हणाले.

"मग ते?"

"ते परीक्षेचं होतं. एक पास झाले. पुढची नाही झाले."

तिनं पदर हळूच दंडावर ओढून घेतला, परक्या माणसापुढं उघडं पडल्यासारखं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी येते तुमच्यासंगं," मी म्हणाले.

"तुमी येऊन काय करनार?"

"काय लिहितात ते वाचून बघीन."

तिनं जरा विचार केला आणि उठली.

ठाण्यात टेबलावरचे हवालदार माझ्याकडे निरखून पाहायला लागले. "फाट्यावरच्या मॅडम का तुम्ही?" म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला. कुणीतरी पाठवलेला माझा ट्रेलर त्यांच्याकडे होता. त्यांनी तो लावला. धडधड, ढोल, मग सायरन. खऱ्या ठाण्यात तो सायरन खेळण्यातल्या गाडीसारखा वाजला. आतून दोघं बाहेर आले. एकानं मला सलाम ठोकला.

"काय मॅडम, हजर कधी होताय?"

सगळे हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. ती बाई बाकावर बसून फरशीकडे बघत होती. हिला संगं आणलं, आता आपलंही कुणी खरं धरायचं नाही, असंच तिला वाटत असणार.

"मी नापास झालेय," मी मोठ्यानं म्हणाले. इतके दिवस हे घराबाहेर कुणापुढं बोलले नव्हते. "मी नुसती यांच्याबरोबर आलेय. यांचं लिहून घ्या."

हवालदारांनी फोन पालथा ठेवला, कागद ओढला आणि तिला नाव विचारलं.

लिहून झाल्यावर मी ते तिला वाचून दाखवलं. मार 'किरकोळ' लिहिला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तो शब्द काढायला लावला. मग तिनं अंगठा उठवला.

बाहेर आल्यावर तिनं मला मॅडम म्हटलं नाही. "येते," एवढंच म्हणाली आणि रिक्षाकडे वळली. मी तिथूनच चुलतभावाला फोन लावला, शिडी घेऊन फाट्यावर ये म्हणून.

"आत्ता? अण्णांना इचारलंस का?"

"तू ये. अण्णांना मी सांगते."