ग्राफिक्स कार्डाचं गाऱ्हाणं

आमच्या घरात 'मी सहमत आहे' हे बटण कुणी न वाचता दाबत नाही. बाकीच्या घरांत चप्पल बाहेर काढायची शिस्त असते, आमच्याकडे ही आहे. वडील चाकणच्या एका कारखान्यात कायम कामगार आणि युनियनच्या कमिटीवर. मी लहान असताना कारखान्याला टाळं लागलं होतं, आणि पुन्हा आत यायचं तर 'यापुढे आंदोलन करणार नाही' अशा हमीपत्रावर सही करा, असं व्यवस्थापनाचं म्हणणं होतं. वडिलांनी सही केली नाही. टाळेबंदी उठेपर्यंत ते गेटबाहेरच्या मंडपात बसून राहिले आणि आई संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत शिकवण्या घेत राहिली. उरलेली पत्रकं घरी यायची. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असत. 'कामगार बंधूंनो, भूलथापांना बळी पडू नका' हे मी बहुधा 'क कमळाचा'च्या आधी वाचायला शिकले. आता पत्रकं मीच लिहिते. माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा मागणीपत्रासारख्या वाटतात, अशी मैत्रिणींची तक्रार आहे.

या पत्रकांसाठी मी पुनावळ्याच्या एका आयटीवाल्याकडून जुना लॅपटॉप घेतला. तो निघाला गेम खेळणाऱ्यांचा. कीबोर्डखाली जत्रेतल्यासारखे रंगीत दिवे, ते बंद कसे करायचे हे मला अजून कळलेलं नाही. किमान वेतनावरचा माझा सगळा संताप जांभळ्या आणि पोपटी उजेडात टाइप झाला आहे.

माझा आतेभाऊ चाकणजवळच्या निघोज्याचा. वयाने माझ्याहून लहान. एका कंपनीत असेंब्ली लाइनवर कंत्राटी कामगार होता, आणि कंत्राटी माणसाला मधूनमधून 'ब्रेक' देतात तसा त्या वेळी ब्रेकवर, म्हणजे घरी होता. लाइनवर असतानाच त्याने क्लास लावून थ्री-डी डिझाइन शिकून घेतलं होतं. चाकणमधल्या एका टूलरूमच्या, म्हणजे डाय किंवा साचे बनवणाऱ्या वर्कशॉपच्या, मालकांनी त्याला सोमवारी बोलावलं. तू केलेल्या डायचं मॉडेल तुझ्याच लॅपटॉपवर आण, माझ्यासमोर फिरवून दाखव, मी सांगेन ते बदल कर, मग बघू. हे जमलं तर लाइन सुटणार होती. नाही जमलं तर ब्रेक संपायची वाट बघत बसायचं. म्हणून लॅपटॉप काही दिवस त्याच्याकडे होता.

एके दिवशी त्याचा फोन आला. "ताई, मॉडेल फिरवताना अडकतंय. ग्राफिक्स कार्ड दमदार हाय, पण कंपनीनं कुलूप घातलंय. ठरावीक वेगाच्या वर जाऊ देत न्हाई."

"कुलूप कुठे आहे?"

"फर्मवेअरमधी. कार्डाच्या पोटात लिहिलेलं असतं ना, किती वेगानं पळायचं, किती व्होल्टेज घ्यायचं. नेटवर एकानं ते बदलून ठेवलंय. ते टाकलं की कुलूप निघतं. पण रिस्क हाय."

माझं डोकं तापलं. आपण विकत घेतलेल्या वस्तूला कुलूप, आणि किल्ली बनवणाऱ्याकडे. मी म्हणाले, "हक्क मागून मिळत नसतात. टाक."

त्याने टाकलं. मॉडेल भिंगरीसारखं फिरायला लागलं. त्याने मला व्हिडिओ पाठवला, मी तो ग्रुपवर टाकला आणि खाली मक्तेदारीविरुद्ध चार ओळी लिहिल्या.

सोमवारच्या परीक्षेच्या आधीच्या शनिवारी सकाळी तो लॅपटॉप पोटाशी धरून दारात उभा. मॉडेल उघडलं, अर्धं फिरवलं, आणि स्क्रीनभर हिरवे चौकोन उगवले. मग सगळं काळं. लॅपटॉप पुन्हा चालू केला, पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा चौकोन.

"धूळ असेल," मी म्हणाले.

"एअर मारून आणलाय."

हे मला सुचायला हवं होतं. आमच्या पट्ट्यात काहीही बिघडलं की आधी वर्कशॉपमध्ये नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारतात. लेथ असो, मिक्सर असो. पोरगं शिंकायला लागलं तर त्यालाही मारतील. लॅपटॉपच्या आतला पंखा मात्र त्या माऱ्यातून वाचला होता. आम्ही लॅपटॉप आईच्या फुलके भाजायच्या जाळीवर ठेवला, खालून टेबलफॅन लावला, आणि कार्ड किती तापतंय ते बघितलं. फारसं तापत नव्हतं. चौकोन थंडपणे येत होते.

मग त्याने बैठक मारली आणि कंपनीत शिकवलेलं व्हाय-व्हाय काढलं. म्हणजे पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं.

"स्क्रीन का फुटते? कार्ड चुकीचं चित्र धाडतंय म्हणून. चुकीचं का धाडतंय? कार्डाची मेमरी झेपंल त्याच्यापेक्षा जोरात पळतीय म्हणून. जोरात का पळतीय? फर्मवेअरमधी तसं लिहिलंय म्हणून. तसं का लिहिलं? आपण लिहिलं म्हणून. आपण का लिहिलं?" तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई म्हणाली म्हणून."

"पाचवा व्हाय माणसावर कसा आला?"

"कंपनीत बी तसंच हाय. पाचव्याला कोनतरी ऑपरेटर सापडतोच."

वडील पहिल्या शिफ्टहून आले ते या वेळी. त्यांनी पाणी पिता पिता सगळं ऐकून घेतलं, आणि कमिटीत तक्रार आल्यावर बसतात तसे खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे तुम्ही त्या कार्डाकडून ठरल्यापेक्षा जास्त काम काढलंत."

"कंपनीने मुद्दाम कमी ठेवलं होतं, बाबा."

"असेल. पण जास्त काढलंत. मोबदला?"

"व्होल्टेज वाढवून दिलं," आतेभाऊ म्हणाला.

"आणि विश्रांती?"

आतेभावाने खालच्या टेबलफॅनकडे बघितलं.

"वाढीव उत्पादन, विश्रांती नाही, विचारलं कुणी नाही. मग चौकोन येतील नाहीतर काय येईल? गाऱ्हाणं आहे ते त्याचं."

"बाबा, ते यंत्र आहे," मी म्हणाले.

"आमच्याबद्दल पण असंच म्हणायचे," वडील म्हणाले आणि आईकडे वळले. "चहा आहे का?"

कंपनीच्या कुलपाविरुद्ध चार ओळी लिहिणारी मी दोन मिनिटांत मालकाच्या बाजूला जाऊन बसले होते, आणि समोरच्या बाजूला माझे वडील एका चिपचे प्रतिनिधी म्हणून.

सरळ उपाय एकच होता. मूळ फर्मवेअर परत टाकायचं. ते बदलण्याआधी त्याची प्रत काढून ठेवायची असते आणि आतेभावाने ती काढलीही होती, पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह खिशात राहिला, आणि राहिलेला गेटपास जमा करायला गेला तेव्हा कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीने झडतीत काढून घेतला. आत पेनड्राइव्ह न्यायला बंदी आहे.

"जाऊन माग ना."

"आता मी तिथला न्हाईच, ताई. गेटपास न्हाई. विचारायला जायचं तर आत कशाला आला विचारतात."

मग आम्ही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर गेलो. फर्मवेअर तिथे होतं. खाली करार होता, आणि कराराच्या तळाशी ते बटण.

वडिलांनी चष्मा लावला. "वाच."

बाकी कुठल्या घरात ही गोष्ट इथे संपली असती. आमच्याकडे रविवार उजाडला. करार इंग्रजीत होता आणि मी तो कलमवार मराठीत सांगत होते. वडील प्रत्येक कलमाला 'पुढे' म्हणत, किंवा म्हणत नसत. मध्ये जेवण झालं. एका कलमात लिहिलं होतं की हे उत्पादन जसे आहे तसे दिले जात आहे.

"वा," वडील म्हणाले. "त्यांचा माल जसा असेल तसा. आपण मात्र ते म्हणतील तसे."

त्यानंतरचं कलम असं होतं की अनधिकृत बदल केल्यास सर्व परिणामांची जबाबदारी वापरणाऱ्याची राहील, कंपनीकडे दाद मागता येणार नाही, आणि यापुढे असा बदल करणार नाही असे वापरणारा मान्य करतो. मी वाचायची थांबले. वडिलांनी चष्मा काढला.

"हे हमीपत्र आहे," ते म्हणाले.

"हमीपत्रच आहे," मी म्हणाले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. इतकी वर्षं मंडपाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, आता माझ्या वाट्याला माझं हमीपत्र आलं होतं. मी लगेच कंपनीला खरमरीत मेल लिहिली. उत्तर मिनिटाच्या आत आलं. आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे.

आतेभाऊ जाळीवरच्या लॅपटॉपकडे बघत बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "मामा, असल्या कागदावर मी दर बारीला सही करतो. आत घेताना एक, ब्रेक देताना एक. एकदा वाचायला मागितला तर सुपरवायझर म्हणला, वाचायचं असंल तर वाचनालयात जा, इथं लाइन चालू हाय."

वडील चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिले.

बोलली ती आई. "तेव्हा तुम्ही सही केली नाहीत, बरोबरच केलंत. मी शिकवण्या घेतल्या. पण मला विचारलं होतंत. आता ज्याची नोकरी आहे त्याला विचारा, नाहीतर उद्यापासून निघोज्यात त्याच्या आईला शिकवण्या घ्याव्या लागतील."

"मामी, आईला सही बी येत न्हाई नीट," तो म्हणाला.

"मग तिचा तर प्रश्नच मिटला."

विचारलं. तो म्हणाला, दाबा. पण लॅपटॉप माझ्या नावावर, म्हणून दाबायचं मी. वडील उठले. "मी जरा गॅलरीत आहे," असं म्हणून गेले आणि आमच्याकडे पाठ करून खालच्या पार्किंगमधल्या स्कूटर बघत उभे राहिले. ज्या वडिलांनी मला पहिलं पत्रक हातात दिलं, त्यांच्या पाठीमागे मी 'मी सहमत आहे' दाबलं. बोट जड वगैरे झालं नाही. बटण एकदाच क्लिक झालं.

फर्मवेअर उतरलं. टाकायला घेतलं. एक पट्टी थोडी भरली आणि थांबली. संदेश आला की या उपकरणात अनधिकृत बदल आढळला आहे, त्यामुळे अधिकृत फर्मवेअर टाकता येत नाही, कृपया सेवा केंद्राशी संपर्क साधा.

मी तो मोठ्याने वाचला. गॅलरीतून वडील आत आले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर वेतनकरार झाल्यावरही पाहिला नव्हता.

"माफी मागूनही आत घेत नाहीत," ते म्हणाले. "मी हेच सांगत होतो. मंडपात हेच सांगत होतो सगळ्यांना."

"रविवार हाय, मामा," आतेभाऊ म्हणाला. "सेवा केंद्र बंद हाय."

आता एकच वाट उरली. ज्याने ते बदललेलं फर्मवेअर नेटवर ठेवलं होतं, त्याने त्यातले आकडे बदलायचं साधनही ठेवलं होतं. आपणच आकडे उतरवायचे आणि पुन्हा टाकायचं. हे आम्ही आधी केलं नव्हतं, कारण टाकताना काही चुकलं तर कार्ड कायमचं मरतं, मॉडेल उघडतच नाही. चौकोनांसकट तरी काहीतरी दाखवता आलं असतं, मेलेल्या कार्डावर काहीच नाही.

आतेभाऊ बराच वेळ बोटं मोडत बसला. मग म्हणाला, "चौकोन दाखवून कोन नोकरी देतंय. उतरवू."

"किती उतरवणार?" वडिलांनी विचारलं.

"कंपनीनं ठेवलं हुतं तितकं."

"त्याच्याही खाली जा."

"मामा, मॉडेल मुंगीसारखं फिरंल."

"फिरू दे. इतके दिवस पळवलंत, आता त्याला नियमानुसार काम करू दे. थोडं थकलंही असेल."

मी वडिलांच्या बाजूने मत दिलं. तत्त्व म्हणून नव्हे. आता मला फक्त हिरवे चौकोन नको होते. आईने मत दिलं नाही, तिने जाळी धुवायला मागितली. ती काढून द्यायला आम्ही नकार दिला.

आकडे लिहिले, दोघांनी तपासले, टाकले. स्क्रीन काळी झाली. आतेभावाने डोळे मिटून घेतले होते, मला वाटतं तो देवाचं नाव घेत होता. वडील आणि मी देव मानत नाही, म्हणून आम्ही नुसतेच बघत होतो, आणि ते जास्त अवघड होतं. मग कीबोर्डखालचे जत्रेचे दिवे लागले, आणि त्यांच्यामागून स्क्रीनही. डाय फिरू लागली. बैलाने मान वळवावी तशी, सावकाश. पूर्ण फेरा झाला. चौकोन आले नाहीत. त्याने आणखी एक फेरा मारला. आम्ही तो अख्खा बघितला, कारण दुसरं काही करता येण्याइतका तो लवकर संपतच नव्हता.

सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. मी स्पीकरवर लावला.

"मालक म्हणले, एवढं हळू का फिरतंय? मी म्हणलं, सर, तोवर सांगतो. फिरंस्तोवर एक एक बाजू सांगत गेलो, हितनं माल आत येतो, हितनं गार करायचं पाणी, हिथं तयार झालेला जॉब अडकंल म्हणून उतार दिलाय. हळू असल्यानं सगळंच सांगून झालं. मग त्यांनी एक भोक हलवायला लावलं, ते हलवलं."

"मग?"

"गुरुवारपासून ये म्हणले. ट्रेनी म्हणून."

आईने स्वयंपाकघरातूनच "बरं झालं बाई" म्हटलं. वडिलांनी पेपर खाली ठेवला.

"ताई, एक विचारू का?" तो म्हणाला. "तिथं युनियन हाय का, हे गुरुवारीच विचारून घेऊ?"

वडील माझ्याकडे बघत होते.

"आधी रुजू हो," मी म्हणाले.

वडिलांनी पेपर पुन्हा उचलला. तो उलटा धरला आहे हे त्यांच्या थोड्या वेळाने लक्षात आलं.