खुंटी हुडकणारे शेजारी

चालत्या गोष्टीत आपलं काही अडकवायला जागा कुठे आहे, हे आमच्या शिरूरच्या शेजाऱ्यांइतक्या कुतूहलाने अख्ख्या जगात कुणी पाहत नसेल. त्यांचा धंदाच तो. सॉफ्टवेअर नीट चालतंय का हे तपासणारी एक यंत्रणा असते म्हणे. तिच्यात चाचणीच्या आधी, नंतर आणि चाचणी फसली की, अशा जागी मुद्दाम मोकळ्या खुंट्या ठेवलेल्या असतात. त्या खुंट्यांना अडकवायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, हे गृहस्थ घरी बसून लिहितात. "चालत्या कामात हात घालायचा न्हाई. खुंटी हुडकायची आन् गप अडकवायचं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते कामापुरतं ठेवतील तर शेजारी कसले! रांजणगावला पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवामागच्या आचाऱ्याला बजावलं, "बँड वाजला की पुऱ्या सोडा." मंगलाष्टकं संपली की बँड वाजतो, हा त्यांचा हिशेब. पण बँड आधी वाजला तो पुढाऱ्यांच्या स्वागताला. मग भाषणं रंगली आणि पुऱ्या गारठल्या. "चूक आचाऱ्याची न्हाई, खुंटी चुकली," असं म्हणत त्यांनी वातड पुरी निमूटपणे चावली.

एका ठिकाणी मात्र त्यांना खुंटीच सापडत नव्हती. त्यांचे वडील, आबा, पाटसजवळ वस्तीवर एकटे राहतात. एकदा सकाळीच चक्कर येऊन पडले, ते दुपारी गडी आला तेव्हा कळलं. तरी शिरूरला यायला तयार नाहीत. रोज फोन करावा, तर "जित्ता हाय का बघतोस व्हय?" म्हणून कट करायचे. शेवटी शेजाऱ्यांनी गोठ्यातल्या म्हशींच्या हौदाच्या मोटरीला गुपचूप एक यंत्र जोडलं. आबा सकाळी मोटर लावतात आणि इकडे ह्यांचा फोन टिंग करतो. तोवर हे चहाला शिवत नाहीत.

परवा मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेलो. आबांनी म्हशी विकल्या होत्या, तरी हौद काठोकाठ भरलेला. शेजारी उसाकडे गेल्यावर मी विचारलं, "आबा, जनावरं नाहीत, मग हौद कुणासाठी भरता?"

"पोरासाठी," आबा म्हणाले. "ती वायर मला दिसत न्हाई व्हय? मोटर न्हाई लावली तर गाडी काढून पळत येतंय येडं. त्याला सांगू नगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. टिंग झालं. "उठले आबा," ते म्हणाले आणि त्यांनी कप उचलला. रिकामा गोठा त्यांनीही पाहिला होता, तरी मोटरीवरचं यंत्र काढलं नव्हतं. मीही माझा कप उचलला.